विंडोज/लिनक्स/डॉस: एका तिरप्या रेघेची किंमत

2022 सालच्या मे महिन्यातील गोष्ट. जबलपूर शहराच्या उत्तरेस, अधारतालच्या बाजूला महाराजपूर हा भाग आहे. तणांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था तेथे असल्यामुळे कृषी खात्याशी संबंध असलेल्या वाचकांस हे नाव परिचित असेल. माझे निवासस्थान तेव्हा तेथेच होते. रात्री जागून तयार केलेली टिपणी उघडी ठेवूनच एका सकाळी मी कार्यालयाने दिलेला लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला आणि बैठकीस निघालो. बॅटरी पूर्ण भरलेली होती. तीन तासांनी बॅग उघडली तेव्हा लॅपटॉप हातात धरवेना इतका तापला होता, बॅटरी संपली होती आणि टिपणीचा शेवटचा, न साठवलेला भाग गेला होता. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी सहानुभूतीने सांगितले की त्यांच्या लॅपटॉपचेही असेच होते, म्हणून ते चार्जरशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

असे चाळीस लॅपटॉप आम्ही घेतले होते आणि सर्वांवर लिनक्स ही मुक्त स्रोत प्रणाली बसवली होती. ती बसवणारा आमचा तांत्रिक सहायक कंत्राटी होता, वय पंचविशीचे. त्याने पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितले होते, "साहब, ये सोता ही नहीं। और कभी सो गया, तो उठता नहीं।" मी ते हसण्यावारी नेले होते.

पुढे शासकीय रीतीप्रमाणे समिती बसली. दीड पानाच्या अहवालात दोन निष्कर्ष निघाले. पहिला, लिनक्स प्रणाली कार्यालयीन कामास उपयुक्त नाही, सबब विंडोजचे परवाने खरेदी करावेत. दुसरा, दोष वेळीच दूर का केला नाही याचे लेखी स्पष्टीकरण तांत्रिक सहायकाकडून मागवावे. त्या स्पष्टीकरणाच्या पत्रावर माझी सही आहे. हा लेख मी का लिहितो आहे हे वाचकांना त्यावरून कळावे.

कारण ते दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. दोष प्रणालीत नव्हता आणि त्या मुलातही नव्हता. दोष आमच्या निविदेत होता, आणि त्या निविदेच्या समितीत मी होतो.

हे मला कसे उमगले ते थोडक्यात सांगतो. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. संगणकाच्या अंतरंगाशी माझा संबंध पूर्वी नव्हता. पण सही करून झाल्यावर मन स्वस्थ बसेना. तेव्हा त्या उन्हाळ्यात कितीतरी संध्याकाळी महाराजपूरच्या घरी त्याच मुलाला बोलावून, त्याचा विद्यार्थी होऊन, यंत्र का झोपत नाही हे समजून घेतले.

संगणकाची झोप ही प्रणाली, प्रोसेसर आणि यंत्र-निर्मात्याने आत बसवलेले फर्मवेअर या तिघांतला करार आहे. 1992 साली इंटेल व मायक्रोसॉफ्टने आणलेल्या एपीएम या पहिल्या व्यवस्थेत बरेचसे निर्णय फर्मवेअर स्वतःच घेत असे. डिसेंबर 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'ॲडव्हान्स्ड कॉन्फिगरेशन अँड पॉवर इंटरफेस', म्हणजे एसीपीआय, हे मानक प्रसिद्ध केले. निर्णयाचा अधिकार प्रणालीकडे आला, पण यंत्रात काय काय आहे आणि ते कसे निजवावे याचे तक्ते व छोट्या आज्ञा निर्मात्यानेच लिहून द्यायच्या असे ठरले. प्रणाली त्या आज्ञा निमूटपणे चालवते. आपल्याकडे कायदा संसद करते आणि नियम खाते करते, तसाच हा प्रकार. नियमांत चूक असली तर कायदा कितीही निर्दोष असून उपयोग होत नाही.

मानक खुले आहे. कोणीही वाचावे, कोणीही राबवावे. 2013 पासून ते यूईएफआय फोरम या उद्योगसंघटनेच्या स्वाधीन आहे. मग अडते कोठे? निर्माता आपले तक्ते मानकाशी ताडून पाहत नाही, तो विंडोजवर चालवून पाहतो. विंडोजवर यंत्र झोपले आणि उठले की त्याच्या दृष्टीने काम संपले. तक्त्यात मानकाविरुद्ध चूक राहिली आणि विंडोजने ती पोटात घातली, तर ती चूक कधीच कोणाला दिसत नाही. लिनक्सला ती दिसते, आणि यंत्र अडखळते.

याचा एक मासला विलक्षण आहे. फर्मवेअर प्रणालीला विचारू शकते, 'तू अमुक आवृत्तीची विंडोज आहेस काय?' लिनक्स या प्रश्नाला गेली अनेक वर्षे 'होय' असे उत्तर देते. खरे सांगितले तर फर्मवेअर कधीच न तपासलेल्या आडवाटेने जाण्याची भीती असते. एका सार्वजनिक, छापील, खुल्या मानकाखाली प्रामाणिक उमेदवाराला दुसऱ्याचे नाव सांगून रांगेत उभे राहावे लागते! आणि दोष मात्र उमेदवाराच्या माथी.

मुक्त स्रोताचे काही कट्टर समर्थक याला कारस्थान म्हणतात आणि एका पत्राचा दाखला देतात. 24 जानेवारी 1999 रोजी बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना लिहिलेल्या त्या पत्रात एसीपीआयच्या विस्तारांविषयी अशी खंत आहे की आपण आणि आपल्या भागीदारांनी परिश्रम करावेत आणि लिनक्सला मात्र काही न करता फळ मिळावे हे बरे नाही. हे विस्तार विंडोजपुरते राखता येतील काय, अशी विचारणाही आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात चाललेल्या, 2007 मध्ये तडजोडीने मिटलेल्या कॉम्स विरुद्ध मायक्रोसॉफ्ट या खटल्यात ते पुरावा म्हणून दाखल झाले होते. पत्र खरे आहे. पण मानक खुलेच राहिले, ही वस्तुस्थितीही खरी आहे. कारस्थानाची येथे गरजच नाही. ज्या गुणाची मागणी कोणी लेखी करत नाही, तो गुण निर्माण करण्यावर विक्रेता खर्च करत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिलेल्या निबंधाने हेच शिकवले, की खरेदीदाराला न दिसणारा गुण बाजारातून हळूहळू नाहीसा होतो. लॅपटॉपची झोप हा दुकानात न दिसणारा गुण आहे.

लिनक्सची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही, हे मान्य केले पाहिजे. 2011 साली कर्नलच्या 2.6.38 या आवृत्तीनंतर अनेक लॅपटॉप अधिक वीज खाऊ लागल्याची ओरड झाली. पीसीआय एक्स्प्रेसच्या जोडण्यांमधील वीजबचतीची एक सोय काही फर्मवेअर तक्त्यांत 'वापरू नका' अशी नोंदलेली असे, आणि प्रत्यक्षात त्याच फर्मवेअरने ती चालू केलेली असे. कर्नलने लेखी नोंदीचा आदर करून ती बंद केली आणि बॅटऱ्या लवकर उतरू लागल्या. विंडोज अशा वेळी फर्मवेअरने केलेल्या मांडणीला हात लावत नाही, असे मॅथ्यू गॅरेट या विकासकाच्या लक्षात आले. त्याप्रमाणे केलेली दुरुस्ती 2012 मध्ये 3.3 आवृत्तीत आली. लेखी नियम एक, प्रचलित वहिवाट दुसरी, आणि नियम पाळणाराच गोत्यात! प्रशासनात तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे नवे नाही.

आमच्या लॅपटॉपांचे दुखणे याहून नवे होते. पूर्वी यंत्र झोपले म्हणजे मेमरी सोडून जवळजवळ सर्व भागांची वीज तुटत असे. 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर वेगळी पद्धत आली, तिलाच पुढे 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणू लागले. तिच्यात यंत्र मोबाईलसारखे अर्धजागृत राहते आणि प्रत्येक भागाने आपापले निजायचे असते. एक भाग जागा राहिला की प्रोसेसर खोल विश्रांतीत जाऊ शकत नाही, आणि बॅगेत शेगडी पेटते. नव्या अनेक यंत्रांच्या फर्मवेअरमधून जुनी, पक्की झोप काढूनच टाकलेली आहे. लिनक्समध्ये 'मेम_स्लीप' नावाची एक छोटी फाईल असते. दोन्ही पद्धती उपलब्ध असतील तर तिच्यात 'एस टू आयडल' आणि 'डीप' हे दोन शब्द दिसतात. आमच्या यंत्रात पहिलाच शब्द होता.

मग हायबरनेशन वापरावे, म्हणजे मेमरीतील सर्व काही डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडावी, असा उपाय मुलाने सुचवला. तो चालेना. आमच्या सुरक्षा शाखेने 'सिक्युअर बूट' चालू ठेवणे सक्तीचे केले होते, आणि आमच्या लिनक्सचे कर्नल सिक्युअर बूट चालू असताना हायबरनेशनला परवानगी देत नाही. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य. दोघांची गाठ कोणी घालून पाहिली नव्हती.

शेवटी प्रोसेसर खोल विश्रांतीत किती वेळ गेला हे सांगणारा आकडा आम्ही पाहिला. रात्रभर मिटलेल्या लॅपटॉपवर तो शून्य होता. एकेक भाग तपासत गेल्यावर संशय डिस्कवर आला. निर्मात्याच्या संकेतस्थळावर पाहतो तो डिस्कच्या व बायोसच्या फर्मवेअरची सुधारित आवृत्ती कित्येक महिन्यांपासून तेथे पडलेली! मात्र ती बसवणारी फाईल केवळ विंडोजवर चालणारी. आम्ही एका यंत्रात विंडोजची डिस्क तात्पुरती जोडून ती सुधारणा बसवली, लिनक्सचे नवे कर्नल घातले, आणि रात्री लॅपटॉप मिटून ठेवला. सकाळी बॅटरी थोडीशीच उतरली होती. म्हणजे औषध होते, बाटली आमच्याच नावाची होती, फक्त झाकण आम्हाला उघडता येणार नाही असे होते.

उरलेल्या एकोणचाळीस यंत्रांसाठी पुरवठादारास लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले: हमी ही यंत्रासोबत दिलेल्या प्रणालीपुरती आहे. तेव्हा मी निविदेची नस्ती बाहेर काढली. तांत्रिक तपशिलाच्या तक्त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा यांना प्रत्येकी एक ओळ होती, की-बोर्डच्या रंगालासुद्धा एक ओळ होती; आणि प्रणालीच्या ओळीत लिहिले होते, 'विंडोज/लिनक्स/डॉस'.

या तिरप्या रेघांनी आमचा घात केला. पुरवठादाराने तिघांतले सर्वांत स्वस्त निवडले. सोबत फ्रीडॉस आले, म्हणजे 1980 च्या दशकातील डॉसची मुक्त प्रतिकृती. स्वीकृती चाचणीत यंत्र चालू केले, काळ्या पडद्यावर पांढरी खूण लुकलुकली, मेमरी व अनुक्रमांक ताडून पाहिले आणि चाळीस नग 'समाधानकारक' ठरले. जी प्रणाली आम्ही वापरणार होतो, तिच्यावर ते यंत्र खरेदीपूर्वी एकदाही चालवलेले नव्हते. जबलपूरमध्ये 1969 पासून वाहन निर्माणी आहे. लष्करासाठी शक्तिमान ट्रक तेथे बनत. थांबवल्यावर पुन्हा सुरू होत नाही असा ट्रक लष्कराने रंग आणि चाके मोजून ताब्यात घेतला असता काय?

येथे आपल्या धोरणांकडे वळले पाहिजे. नोव्हेंबर 2010 मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आले. 2015 मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण आले. मुक्त स्रोताला पसंती द्यावी आणि ती न दिल्यास कारण नोंदवावे असे ते सांगते. सी-डॅकने बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली 2007 मध्येच दिली होती. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर आधारित 'माया' ही प्रणाली स्वीकारल्याचे जाहीर झाले. हे सारे आज्ञावलीविषयी आहे. ती ज्या यंत्रावर चालायची, त्या यंत्राच्या निर्मात्यावर या धोरणांनी कोणते बंधन घातले? वधूवरांच्या पत्रिका बारकाईने पाहिल्या, आणि नांदायचे घर पाहायचेच राहून गेले.

याउलट प्रणालीला संस्थेत स्थान दिले की काय होते तेही आपल्या देशात दिसते. ई-कोर्ट्स प्रकल्पाने दुसऱ्या टप्प्याच्या 2014 च्या धोरणात मुक्त स्रोताचा मार्ग धरला, जिल्हा न्यायालयांसाठी उबंटू ठरवली आणि न्यायिक अधिकाऱ्यांमधूनच उबंटू व प्रकरण-माहिती प्रणालीचे प्रशिक्षक तयार केले. तेथे कोणती प्रणाली, या प्रश्नाच्या उत्तरात तिरपी रेघ नव्हती. केरळने शाळांसाठी अनेक वर्षे स्वतःची लिनक्स आवृत्ती ठेवली आणि शिक्षकांना तिच्यावरच घडवले.

लिनक्सला झोपवता येत नाही असे ज्यांना अजून वाटते त्यांनी खिशातला फोन काढून पाहावा. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचेच कर्नल आहे, आणि तो फोन दिवसातून शंभर वेळा झोपतो व उठतो. 2011 पासून विकल्या जाणाऱ्या क्रोमबुकातही तेच कर्नल आहे. फरक इतकाच की तेथे यंत्र विकणाऱ्यावर झोपेची जबाबदारी आहे. ग्राहकाच्या आग्रहाचा परिणामही पाहण्यासारखा आहे. 2018 मध्ये लेनोव्होच्या सहाव्या पिढीच्या थिंकपॅड एक्स-वन कार्बनवर जुनी झोप नव्हती. वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्यावर कंपनीने फर्मवेअरची सुधारणा दिली, आणि बायोसमध्ये झोपेच्या प्रकारासाठी 'लिनक्स' असा पर्यायच आला. विखुरलेल्या ग्राहकांना जे जमले ते भारत सरकारसारख्या ग्राहकाला जमू नये?

मी नव्या निविदेसाठी अट लिहून दिली आहे. तिचा आशय असा: पुरवठादाराने नमूद प्रणालीच्या नमूद आवृत्तीवर यंत्र सलग शंभर वेळा निजवून व जागे करून दाखवावे, मिटलेल्या स्थितीत बारा तासांत बॅटरी दहा टक्क्यांहून अधिक उतरू नये, फर्मवेअरच्या सुधारणा त्याच प्रणालीतून बसवता याव्यात, आणि हमीच्या काळात प्रणालीच्या नव्या आवृत्तीनेही ही वर्तणूक टिकावी. शंभर वेळांची चाचणी ऐकून घाबरण्याचे कारण नाही. उबंटूची निर्माती कॅनॉनिकल हिची 'फर्मवेअर टेस्ट सूट' ही मोफत आज्ञावली रात्रभरात ती आपोआप करते आणि सकाळी अहवाल देते. चौकीदाराचीही गरज नाही.

वित्त शाखेने यावर दोन आक्षेप घेतले. पहिला, 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम 144 प्रमाणे अनावश्यक वैशिष्ट्ये मागता येत नाहीत. पण तोच नियम खरेदीची विनिर्देशने संस्थेच्या विशिष्ट गरजा लक्षात घेऊन स्पष्ट लिहावीत असेही सांगतो. मिटल्यावर झोपणे ही लॅपटॉपची चैन आहे काय? दुसरा आक्षेप, एका प्रणालीचे नाव घातल्याने स्पर्धा कमी होईल. नाव घालून एखाद्या विक्रेत्याचा लाभ होत असेल तर हा आक्षेप रास्त आहे. लिनक्स प्रत्येक निर्मात्याला विनामूल्य मिळते, तपासायला बसता येते, मग कोणाची वाट अडली?

एक आक्षेप कोणी लेखी घेतला नाही, पण तो खरा आहे: विजेचे देयक वेगळ्या लेखाशीर्षातून जाते आणि संगणकाची खरेदी वेगळ्या. स्वस्त यंत्र घेणाऱ्याची पाठ थोपटली जाते, विजेचा भार दुसऱ्याच्या खात्यात पडतो. हिशेब करून पाहू. एका कार्यालयात शंभर डेस्कटॉप, झोप बिघडलेली असल्याने कर्मचारी ते चालूच ठेवतात, रिकामे असताना प्रत्येकी 40 वॅट खातात असे धरा. कामाच्या 250 दिवसांतले रोजचे 16 तास आणि सुट्टीच्या 115 दिवसांतले 24 तास मिळून 6,760 तास होतात. शंभर यंत्रांची वीज 27,040 युनिट. युनिटला 8 रुपये धरल्यास वर्षाला 2,16,320 रुपये, एकही अक्षर टंकित न होता. संध्याकाळी बटण दाबून बंद करावे, हे उत्तर सोपे आहे आणि मी स्वतः तसे परिपत्रक काढलेही होते. परिपत्रकाने दिवे विझत असते तर राज्याच्या वीज कंपन्यांची मुख्यालये ज्या जबलपुरात आहेत, त्या जबलपुरातील कार्यालये सर्वांत आधी अंधारात गेली असती. त्याच 2017 च्या नियमांत अधिसूचित विद्युत उपकरणे ठरावीक तारांकनाचीच घ्यावीत अशी तरतूद आहे. खोलीतल्या उपकरणाची वीज आपण मोजतो, आणि टेबलावरच्या यंत्राची मोजत नाही.

त्या चाळीस लॅपटॉपांवर पुढे विंडोजचे परवाने घेऊन बसवले गेले. फर्मवेअरची सुधारणा त्यासोबत बसली, यंत्रे झोपू लागली, आणि 'विंडोज घातल्यावर दोष दूर झाला' अशी नोंद नस्तीत पडली. ती नोंद शब्दशः खरी आहे. पुढे कधी कोणी मुक्त स्रोताचा प्रस्ताव मांडील, तेव्हा हीच नस्ती त्याच्यासमोर ठेवली जाईल.

तांत्रिक सहायकाचा करार मार्च 2023 मध्ये संपला आणि वाढवला गेला नाही. कारणांच्या टिपणीत त्याच्या स्पष्टीकरणाचा उल्लेख होता. स्पष्टीकरणात त्याने अर्ध्या पानात नेमके लिहिले होते की यंत्राचे फर्मवेअर जुने आहे आणि निविदेत प्रणाली निश्चित केलेली नाही. ते मी तेव्हा वाचले नव्हते, त्यावर 'पाहिले' असा शेरा मारला होता. आता त्या नस्तीत माझी स्वतंत्र टिपणी जोडली आहे, त्याचे म्हणणे बरोबर होते आणि समितीचा, म्हणजे माझाही, निष्कर्ष चुकीचा होता अशी. नव्या खरेदीची नस्ती वित्त शाखेकडे आहे. मागील आठवड्यात ती एक विचारणा घेऊन परत आली: प्रणालीच्या ओळीत पूर्वीप्रमाणे तिन्ही नावे ठेवण्यास हरकत आहे काय? मी हरकत नोंदवून ती परत पाठवली आहे.